टेक्सासमधला क्लास रँक: ७५० मुलांत ४१ वा, तरी यूटी ऑस्टिनला बाहेर. धाकटीने ऑर्केस्ट्रा सोडायचा का?

सायंतारा

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. थोरला मुलगा आता बारावीत जाईल. गेल्या आठवड्यात शाळेच्या पोर्टलवर त्याचा अकरावीअखेरचा रँक आला: ७५० मुलांत ४१ वा. आकडा बघून मला आधी आनंदच झाला. आमच्या गावी वर्गात पाचवा आला तरी शेजारीपाजारी पेढे वाटायचे. मी तसं बोललेही. तो शांतपणे म्हणाला, "आई, ५ टक्के म्हणजे ३७. मी बाहेर आहे."

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रँक म्हणजे जीपीएवरून, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीवरून, शाळेतल्या आपल्या तुकडीत लागलेला क्रमांक. टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमधून पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. यूटी ऑस्टिनचा (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिन) टक्का मात्र वेगळा. गेली काही वर्षं तो ६ होता, २०२६ च्या प्रवेशांपासून ५ झाला. ६ टक्के असते तर ७५० पैकी ४५ मुलं आत गेली असती आणि माझा मुलगा त्यांत असता. चार जागांचा फरक आहे.

मला त्याहून जास्त लागलंय ते दुसरंच. तो सहावीपासून चेलो वाजवायचा. नववीनंतर त्याने ऑर्केस्ट्रा सोडला, कारण ऑर्केस्ट्राला एपीचं (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) जास्तीचं वजन मिळत नाही. तेव्हा मी अडवलं नाही. उलट "शहाणपणाचा निर्णय" म्हणाले. आता धाकटी आठवीत आहे, व्हायोलिन वाजवते, आणि नववीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. तिने आपणहून ऑर्केस्ट्रावर फुली मारून फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

दोन प्रश्न आहेत. थोरल्यासाठी आता काय करावं? आणि हा रँक खरंच इतका मोठा असतो का, की तेरा वर्षांच्या मुलीने त्यासाठी वाद्य खाली ठेवावं?

कडुलिंब

सायंताराताई, आधी थोरल्याचं बोलू. ७५० चे १० टक्के म्हणजे ७५. तुमचा मुलगा त्यात आरामात बसतो. यूटी ऑस्टिन सोडून बाकी सगळ्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे टेक्सास ए अँड एम, यूटी डॅलस, ह्यूस्टन, त्याचा प्रवेश कायद्यानेच पक्का आहे. दार एकच बंद झालंय, आणि तेही पूर्ण बंद नाही. पाच टक्क्यांबाहेरच्या मुलांचे अर्ज यूटी वाचतं: विषय, निबंध, परीक्षेचे गुण, बाहेरची कामं, सगळं. टेक्सासच्या मुलांच्या जागांपैकी ७५ टक्के रँकवाल्यांना, उरलेल्या या वाचनातून. जागा कमी आणि अर्ज खूप, हे खरं. २०२४ च्या प्रवेशाला सुमारे ७३,००० अर्ज आले होते.

कुठल्या शाखेला जायचंय त्याला?

सायंतारा

मेकॅनिकल इंजिनियरिंग.

कडुलिंब

मग हे नीट वाचा, कारण आमच्या घरी हे उशिरा कळलं. रँकवर जो प्रवेश मिळतो तो *विद्यापीठात* मिळतो, *शाखेत* नाही. आमची मुलगी तिच्या शाळेत पहिल्या तीन टक्क्यांत होती. यूटीचं पत्र आलं, घरात सणासारखं वातावरण. महिनाभराने कळलं की कॉम्प्युटर सायन्स मिळालेलं नाही. शाखेचा निर्णय अर्ज वाचूनच होतो, तिथे रँक हा अनेक गोष्टींपैकी एक. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनियरिंग आणि बिझनेसला पहिल्या पाच टक्क्यांतल्याच मुलांची एकमेकांशी स्पर्धा असते. ती शेवटी दुसऱ्या विद्यापीठात गेली, तिथे तिला हवी ती शाखा मिळाली, आणि आम्ही ते पत्र अजून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

म्हणजे तुमचा मुलगा ३५ वा असता तरी मेकॅनिकल नक्की नव्हतं. हे त्याला जरूर सांगा. चार जागांनी सगळं गेलं असं त्याला वाटत असेल तर ते तसं नाही.

ए अँड एमचं गणित वेगळं. तिथे पहिलं वर्ष सगळ्या इंजिनियरिंगच्या मुलांना एकत्र असतं, आणि मग विषय निवडायचा. पहिल्या वर्षी ३.७५ जीपीए आणला तर पहिल्या पसंतीचा विषय ठरलेलाच. फक्त इंजिनियरिंगच्या जागा लवकर भरतात. अर्ज ऑगस्टमध्ये उघडला की लगेच भरा, नोव्हेंबरची वाट बघू नका.

माळरान_२

मी स्पष्ट लिहितो. हा कायदा आपल्या मुलांवर अन्याय आहे. आमच्या शाळेत पहिल्या शंभरातल्या प्रत्येकाने दहा-बारा एपी केलेले असतात. इथला साठावा मुलगा लहान गावातल्या शाळेतल्या पहिल्या मुलापेक्षा कॅल्क्युलसमध्ये पुढे असेल. तरी त्याला पत्र आणि याला नाही? घरासाठी दुप्पट पैसे मोजून आम्ही चांगल्या शाळेच्या हद्दीत आलो आणि तीच चांगली शाळा मुलाच्या आड आली. काही घरं मुद्दाम जरा सोप्या शाळेच्या हद्दीत गेली. कलन, लाँग आणि रीबॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये यावर शोधनिबंधच लिहिलाय.

निळीशाई

माळरानदादा, तुमचा राग समजतो. पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी रिओ ग्रँडे व्हॅलीत, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एका छोट्या सरकारी शाळेत गणित शिकवते. मूळची साताऱ्याची. इथे सात वर्षं झाली.

हा कायदा का आला ते आधी बघा. १९९६ मध्ये हॉपवूड खटल्यात फेडरल कोर्टाने टेक्सासच्या विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. पुढच्याच वर्षी किंग्जव्हिलच्या आमदार इर्मा रँगेल यांनी हाऊस बिल ५८८ आणलं. टेक्सासच्या विधिमंडळात निवडून आलेल्या त्या पहिल्या मेक्सिकन-अमेरिकन स्त्री. गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. कायद्यात वंशाचा शब्दही नाही. एवढंच म्हटलंय की प्रत्येक शाळेतले वरचे घ्या. त्याआधी यूटीला येणारी बरीचशी मुलं मोठ्या शहरांतल्या ठरावीक शाळांतून यायची. कित्येक गावांतून तर कुणी अर्जच करत नसे, कारण आपलं तिथे काही काम नाही असं मुलांनाच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेत बारावीत ८४ मुलं होती. तेव्हाचे ६ टक्के म्हणजे पाच. त्या पाचांतली एक मुलगी दुसरी आली. आईवडील कांद्याच्या शेडवर काम करतात, घरी इंग्रजी कुणाला येत नाही. आमच्याकडे कॅल्क्युलसचा एपी वर्ग सहा मुलांसाठी चालवायचा की नाही यावर दरवर्षी मीटिंग होते. ती मुलगी संध्याकाळी सहापर्यंत माझ्या वर्गात बसून अभ्यास करायची, कारण घरी तीन लहान भावंडं. तुमच्या शाळेतल्या साठाव्या मुलापेक्षा तिला कॅल्क्युलस कमी येत असेल. मी ते नाकारत नाही. पण जे तिला दिलं गेलं, त्यातलं सगळं तिने घेतलं. यूटीचं पत्र आलं तेव्हा तिच्या वडिलांनी मला पत्राची घडी उघडून दाखवली आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, "हे खरं आहे ना? परत घेणार नाहीत ना?" मी म्हटलं, कायदा आहे, कुणी परत घेऊ शकत नाही.

आणि जो पहिला आला, त्याला राज्याच्या नियमाप्रमाणे सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाची ट्यूशन माफ. अशा घरांत त्या एका जागेने काय फरक पडतो ते मी जवळून बघितलंय.

माळरान_२

निळीशाईताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बायकोलाही वाचून दाखवली. कायदा चूक आहे असं मी आता म्हणणार नाही. पण ज्या शाळेत सत्तर मुलं तितकीच मेहनत करतात, तिथल्या एकेचाळिसाव्याचं दुःखही खरं आहे, एवढं तरी मान्य कराल ना?

निळीशाई

नक्कीच मान्य. ते मूल माझ्यासमोर असतं तर मीही त्याला जवळ घेऊन बसले असते.

पिंपळपार

पुण्याहून लिहितोय. मी आधी समजत होतो की क्लास रँक म्हणजे आपल्या बोर्डाच्या जुन्या गुणवत्ता यादीसारखं काही. आता कळलं की बरोबर उलटं आहे. बोर्डात पहिला म्हणजे अख्ख्या विभागात, अख्ख्या राज्यात पहिला. शाळा कुठली याला महत्त्व नाही, सगळ्यांचा पेपर एक. तुमच्याकडे पेपर एक नाही, म्हणून तुलना शाळेच्या भिंतींच्या आत.

हा वाद आपल्याकडेही वेगळ्या रूपात झालाच. २००८ मध्ये अकरावी प्रवेशासाठी राज्य सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं होतं, आयसीएसई आणि एसएससीच्या मुलांना आपापल्या बोर्डातल्या स्थानावरून मोजायचं. हायकोर्टाने ते रद्द केलं. २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आणला (९० टक्के जागा एसएससीला, १० बाकी बोर्डांना), तोही रद्द झाला. तेव्हा माझी पुतणी दहावी झाली होती आणि आमच्या घरात जुलै उजाडला तरी कॉलेज ठरलं नव्हतं. आयआयटीच्या प्रवेशातही बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आलीच ना. मुलाला ज्यांच्याबरोबर शिकवलं त्यांच्याशीच मोजा, हा विचार मुळात वाईट नाही.

रेघोट्या

न्यू जर्सीहून. आमच्या शाळेने रँक देणं कधीच बंद केलंय. कॉमन ॲपच्या (अनेक विद्यापीठांसाठी एकच अर्ज) शाळेच्या फॉर्मवर काउन्सेलरने "रँक नाही" असं निवडलं आणि अर्ज गेला. मुलगा रटगर्सला आहे, त्याचे मित्र मिशिगन, पर्ड्यूला आहेत. कुणीही विचारलं नाही. टेक्सासबाहेर याची इतकी धास्ती नको.

वाचनघर

रेघोट्यांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात तीन वर्षं अर्ज वाचण्याचं हंगामी काम केलंय.

रँकचा रकाना रिकामा असला तरी वाचणारा आंधळा नसतो. प्रत्येक अर्जासोबत शाळेची माहिती देणारा एक कागद येतो, त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. शाळेत किती एपी शिकवतात, वर्गात किती मुलं, गुणांचं वजन कसं मोजतात, बऱ्याचदा जीपीएची विभागणीही. ती बघितली की ३.९ चा मुलगा वर आहे की मध्यावर, याचा साधारण अंदाज येतो. शिवाय काउन्सेलरला विचारलेलं असतं की या मुलाने घेतलेले विषय तुमच्या शाळेतल्या मानाने किती कठीण होते. त्यात "सर्वांत कठीण" वर खूण आहे की नाही हे मी दरवेळी बघायचो. आम्ही एका शाळेचे अर्ज एकत्र वाचायचो. रँक छापलेला नसला तरी आमच्या टेबलावर तो थोडाफार तयार व्हायचाच.

कुठल्या विद्यापीठाला रँक किती लागतो हे शोधायचं असेल तर ऐकीव माहितीवर जाऊ नका. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी कॉमन डेटा सेट प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी७ या तक्त्यात क्लास रँकपुढे "अतिशय महत्त्वाचा", "महत्त्वाचा", "विचारात घेतो", "विचारात घेत नाही" यांपैकी एकावर खूण असते. त्याच्याच खाली सी१० मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी किती टक्के पहिल्या दहांशात होते ते दिलेलं असतं, आणि तिथे शेवटच्या ओळीत *किती मुलांनी रँक कळवला* तेही असतं. ती शेवटची ओळ बघायला विसरू नका. "आमच्याकडची ९५ टक्के मुलं पहिल्या दहांशातली" असं वाचून घाबरायला होतं, आणि खाली बघावं तर रँक कळवणारीच निम्म्याहून कमी.

ताई, तुमच्या मुलाचा ७५० पैकी ४१ वा रँक मी माझ्या टेबलावर बघितला असता तर पुढच्या कागदाकडे आनंदाने वळलो असतो.

खारवारा

कॅलिफोर्नियाचं थोडक्यात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांना कुठे ना कुठे जागा देते, पण बर्कली किंवा यूसीएलएची हमी नाही. जागा उरलेल्या कॅम्पसला, म्हणजे मुख्यतः मर्सेडला. मजेची गोष्ट म्हणजे ते ९ टक्के शाळेच्या आधीच्या तुकडीच्या जीपीएवरून ठरवलेली रेषा असते. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलीला मागे टाकायची गरज नाही, रेषा ओलांडली की झालं. जीपीएही दहावी-अकरावीचाच धरतात. नववीत मूल चुकलं तर जीपीएत त्याची शिक्षा नाही. मला हे फार माणुसकीचं वाटतं.

गव्हाळ

मी इथे बहुधा सगळ्यांत लहान. ह्यूस्टनजवळ वाढलो, आता २६ वर्षांचा आहे. मराठी वाचतो भरपूर, लिहितो कमी, चुका झाल्या तर माफ करा.

ऑर्केस्ट्राचं गणित मी स्वतः केलंय, म्हणून लिहितो. सहा एपी, सगळ्यांत ए, प्रत्येकी ५. सरासरी ५. आता सातवा विषय ऑर्केस्ट्रा घ्या, त्यातही ए, पण एपी नसल्याने त्याचे ४. बेरीज ३४, भागिले ७, सरासरी ४.८६. एक विषय *जास्त* शिकलात, त्यात पूर्ण गुण मिळवलेत, आणि रँक खाली गेला. त्याऐवजी तो तास रिकामा ठेवून घरी झोपलं तर रँक वर. चौदा वर्षांच्या मुलांना हे गणित शिकवावं लागत नाही, ती एका संध्याकाळी करतात.

मी चित्रकला सोडली. रँक ८ टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे ऑस्टिनला तसाही पुरला नाही. मी दुसऱ्या सरकारी विद्यापीठातून शिकलो, नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. मला जे आठवतं ते वेगळं आहे. आम्ही चार मित्र होतो, नववीपर्यंत एकमेकांच्या वह्या वापरायचो. अकरावीत माझ्या सगळ्यांत जवळच्या मित्राने मला फिजिक्सच्या नोट्स दिल्या नाहीत. मीही त्याला एका क्विझबद्दल सांगितलं नाही. आम्ही दोघंही वाईट मुलं नव्हतो. रँक शाळेच्या आतला असतो ना, त्यामुळे प्रतिस्पर्धी म्हणजे तोच, जो बसमध्ये शेजारी बसतो. गेल्या वर्षी त्याच्या लग्नात आम्ही हे पहिल्यांदा बोललो. त्यालाही ती क्विझ आठवत होती.

ताई, थोरल्याशी रँकबद्दल बोलताना त्याला मित्रांबद्दलही विचारा.

कडुलिंब

गव्हाळ, मराठी उत्तम आहे. लिहीत राहा.

ऑर्केस्ट्राबद्दल: ताई, तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) हँडबुक उघडून बघा. रँकसाठी कुठले विषय धरायचे हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, राज्य नाही. काही ठिकाणी फक्त गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र आणि परभाषा धरतात, म्हणजे ऑर्केस्ट्राने काहीच बिघडत नाही. काही ठिकाणी आवश्यक क्रेडिट झाल्यावर पुढची वर्षं जीपीएतून वगळायचा अर्ज करता येतो, पण त्याची तारीख असते आणि ती कुणी आठवण करून देत नाही. आणखी एक: नियम मुलगी ज्या वर्षी नववीत जाते त्या तुकडीचे लागू होतात. थोरल्याचे नियम तिला लावू नका.

चांदवड

माझा भाचा ऑस्टिनच्या रँकमध्ये बसला नव्हता. त्याला सीएपी (कोऑर्डिनेटेड ॲडमिशन प्रोग्रॅम) म्हणून पर्याय दिला होता: पहिलं वर्ष यूटी सॅन अँटोनियोला, ३० क्रेडिट आणि ३.२ जीपीए आणला की ऑस्टिनला लिबरल आर्ट्समध्ये जागा. इंजिनियरिंगला हा रस्ता सहज जात नाही, म्हणून ताईंच्या मुलाला कितपत उपयोगी ठरेल शंका आहे. पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल, म्हणून नोंदवते.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हँडबुक वाचली, ११८ पानं. कडुलिंबताईंनी सांगितलं तसंच निघालं. धाकटीच्या तुकडीपासून फाइन आर्ट्सचं पहिलं वर्ष जीपीएत धरतात, पण दुसऱ्या वर्षापासून वगळायचा अर्ज करता येतो. थोरल्याच्या वेळी हा नियम नव्हता. ते वाक्य त्यानेच मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर थोडा वेळ काही बोलला नाही. मग बहिणीचा फॉर्म ओढून घेतला, तिची फुली खोडली, आणि बाजूला आपल्या अक्षरात "ऑर्केस्ट्रा १" लिहिलं. तिने हरकत घेतली नाही. पहिल्या वर्षी जो काही फरक पडायचा तो पडू दे, असं मी सही करताना म्हटलं, आणि या वेळी मनापासून म्हटलं.

गव्हाळ, मी त्याला मित्रांबद्दल विचारलं. त्याने बरंच सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

निळीशाईताई, त्या मुलीचं पुढे काय झालं हे कळवाल का? माझ्या मुलानेच विचारलंय.

ए अँड एमचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, त्याच आठवड्यात भरणार. यूटीलाही करणार आहे, मेकॅनिकललाच. निबंधाचा पहिला मसुदा तयार झाला की वाचनघर, तुम्हाला विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) करू का?

वाचनघर

जरूर करा. फक्त मसुदा त्याचा असू द्या, तुमचा नको.

निळीशाई

तिसऱ्या वर्षाला आहे, नर्सिंग. पहिल्या सेमिस्टरला गणितात अडखळली होती, रात्री मला फोन करायची. आता मी फोन केला तर म्हणते, मिस, मी लॅबमध्ये आहे, नंतर बोलू.